टेंब्यांची पेटी आणि मिसळलेल्या चाली

पियानोचे रीतसर शास्त्रीय शिक्षण घ्यायचे, गाणी स्वतः लिहून स्वतः गायची आणि त्यांत निरनिराळ्या संगीतपरंपरा एकत्र आणायच्या, अशा कलावंताकडे आपण आधुनिक काळाचे अपत्य म्हणून पाहतो. मराठी मुलखात त्याचा पूर्वज शतकापूर्वीच होऊन गेला. त्याचे वाद्य तेवढे पियानोऐवजी पेटी होते. कोल्हापूरजवळच्या सांगवडे गावी १८८१ साली जन्मलेले गोविंदराव टेंबे हे पेटीवादक, संगीतरचनाकार, गायकनट आणि लेखक. त्यांनी केलेली सरमिसळ टिकली, कारण तिच्याखाली रागदारीची पक्की बैठक होती, असे माझे म्हणणे आहे.

कोल्हापूरच्या देवल क्लब या संगीतसंस्थेत त्यांचा कान तयार झाला. पुढे गायक भास्करबुवा बखल्यांचा सहवास मिळाला. बुवांच्या मैफलींत साथ करायची म्हणजे तान कुठून उठेल आणि समेवर कशी येईल, याचा अंदाज आधीच हवा. या शिस्तीतून तयार झालेल्या माणसाकडे १९११ साली ‘मानापमान’ या संगीत नाटकाच्या चाली आल्या. त्याआधी नाट्यपदांना चाली योजण्याचे काम बहुधा नाटककारच करीत. ‘मानापमान’चे नाटककार खाडिलकर यांनी ते टेंब्यांवर सोपवले आणि टेंब्यांनी रागदारीच्या जोडीला ठुमरी, दादरा, कजरी असा पूरबचा बाज मराठी रंगभूमीवर आणला. भिवंडीच्या वाचकाला हा दुवा विशेष जवळचा वाटावा. १८५७ नंतरच्या काळात पूरबेकडचे मोमीन विणकर मालेगाव-भिवंडीकडे येऊन वसले. कजरी ही त्याच मिर्झापूर-बनारस पट्ट्याची. म्हणजे माणसे मागासाठी आली, तशी त्या भागातली चाल नाटकात आली, आणि दोन्ही इथलीच झाली.

यावर पहिला आक्षेप असा, की अशा मिश्रणाने नाट्यसंगीत उथळ झाले. शुद्धतेची ही चिंता मी खोटी मानत नाही. पण ज्या शुद्ध नाट्यसंगीताची आठवण काढली जाते, ते तरी कुठे एकजिनसी होते? १८८२च्या ‘सौभद्र’ नाटकातच साकी, दिंडी, कीर्तनाचे वळण आणि कानडी चाली शेजारी शेजारी आहेत. चाल कुठून आली यापेक्षा ती राग सांभाळते का आणि प्रसंगाला शोभते का, हे पाहावे. ‘मानापमान’ची पदे आजही शास्त्रीय गायक मैफलीत रागविस्तारासह गातात, हा पुरावा मला पुरेसा वाटतो.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. पेटीचे स्वर पक्के बांधलेले. तिच्यातून मींड निघत नाही, श्रुतींचे बारकावे निसटतात. हे खरेच आहे. कृष्णाजी बल्लाळ देवल आणि क्लेमेंट्स यांनी श्रुतींची पेटी घडवण्याचा प्रयत्न त्याच काळात केला, तो याच उणिवेपायी. आपल्या काळात डॉ. विद्याधर ओक यांची बावीस श्रुतींची पेटी त्याच शोधातली. पण जे पेटीला जमत नाही, ते गळ्याला जमते. १९११ साली ‘मानापमान’मधल्या भामिनीच्या भूमिकेत गायकनट बालगंधर्व होते. चालीचा आराखडा टेंब्यांचा, त्यातली मींड आणि लाडिक मुरकी बालगंधर्वांच्या गळ्याची. शिवाय सगळे स्वर एका ओळीत समोर मांडणाऱ्या वाद्यावर ठुमरीची चाल आणि ख्यालाची चाल शेजारी ठेवून तपासता येते. रचनाकाराला ही सोय फार मोलाची, आणि पियानोवर रचना करणाऱ्यांनाही ती ठाऊक असते.

स्वतः लिहिणे-गाणेही टेंब्यांना परके नव्हते. १९१३ साली गंधर्व नाटक मंडळीच्या स्थापनेत बालगंधर्व आणि गणपतराव बोडस यांच्यासह ते भागीदार होते. मग शिवराज नाटक मंडळी ही स्वतःची संस्था त्यांनी काढली. ‘प्रभात’ फिल्म कंपनीच्या १९३२च्या ‘अयोध्येचा राजा’ या बोलपटात तर हरिश्चंद्राची भूमिका, गीते आणि संगीत तिन्ही त्यांचे. ध्वनिमुद्रणाची साधने तुटपुंजी असताना एका माणसाने एवढे पेलावे, याचे आजच्या गीतकार-गायकांनी कौतुक करावे तेवढे थोडे आहे.

एवढे होऊनही १९४० साली आकाशवाणीने पेटीवर बंदी घातली. रवींद्रनाथ टागोरांसारख्यांचाही पेटीला विरोध होता, आणि कारण तेच स्वरांच्या बांधीलपणाचे. टेंबे १९५५ साली गेले तेव्हा बंदी कायम होती. १९७१ साली ती सैल झाली, पण परवानगी मिळाली ती साथीपुरतीच. एकल पेटीवादन तेव्हाही दाराबाहेरच राहिले.