एक्सेल शिकायचंय? चला हिवरे बाजारला!

शुक्रवारची संध्याकाळ. साडेसहा वाजलेत. सोमवारी बॉसला प्रेझेंटेशन हवंय आणि तुम्ही पाय चार्टचे रंग बदलत बसलाय. निळा बरा की केशरी? पण खरं सांगा, तुमचा चार्ट बघून कुणी कधी निर्णय बदललाय? बहुतेक वेळा निर्णय आधीच झालेला असतो. आपली शीट त्याला फक्त इस्त्रीचे कपडे घालते!

याच्या बरोब्बर उलटं करणारं एक गाव आहे. नगर जिल्ह्यातलं (2024 पासून अहिल्यानगर, पण तोंडात अजून नगरच!) हिवरे बाजार. इथे आधी हिशेब, मग निर्णय.

एम.कॉम. सरपंच

1989 मध्ये पोपटराव पवार इथले सरपंच झाले. शिक्षण एम.कॉम. गाव दुष्काळी, माणसं कामासाठी बाहेर पडलेली. गावानं श्रमदान केलं, डोंगरउतारावर चर खोदले, बंधारे बांधले, झाडं लावली. पाणी आलं. पण आलेला पगार आणि उरलेला पगार यात फरक असतो, हे आपल्याला वेगळं सांगायला नको! म्हणून 2004 पासून भूजल खात्याच्या मदतीनं गाव दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडतं. पाऊस मोजायचा, विहिरींची पातळी बघायची आणि ग्रामसभेत ठरवायचं, यंदा कोणतं पीक घ्यायचं. सिंचनासाठी बोअरवेल बंद. ऊस आणि केळी बंद. आणि हे कुठे? प्रवरानगरला 1950 मध्ये सहकारी साखर कारखाना उभा राहिला, त्याच जिल्ह्यात! 2020 मध्ये पवारांना पद्मश्री जाहीर झाली.

आता शीट उघडा

हा ताळेबंद समजायला कॉम्प्युटर लागत नाही. पण एक्सेल शिकायला यापेक्षा चांगलं उदाहरण नाही. एक हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस पडला, की दहा हजार लिटर पाणी होतं. गावाचं क्षेत्र साधारण 976 हेक्टर. एका सेलमध्ये क्षेत्र लिहा. शेजारच्या कॉलममध्ये खालोखाल पाऊस लिहा: 100, 200, 300, 400 मिलिमीटर. आता फॉर्म्युला: पाऊस गुणिले क्षेत्र गुणिले दहा हजार. क्षेत्राच्या सेलला एफ-4 दाबून डॉलरचं कुलूप लावा, नाहीतर फॉर्म्युला खाली ओढताना तो सेलही घसरत जाईल. 400 मिलिमीटरला उत्तर येतं सुमारे 390 कोटी लिटर. 200 ला बरोब्बर निम्मं.

वाटतं ना, पाणीच पाणी? थांबा. यातलं बरंचसं वाहून जातं, वाफ होऊन उडतं, मातीत मुरतं. ते आधी वजा करा. मग माणसांचं पिण्याचं पाणी, मग जनावरांचं. शेतीचा नंबर त्यानंतर. आणि उरलेलं सगळं शेतीला द्यायचं नाही, पुढच्या वर्षासाठीही राखायचं. शेवटच्या कॉलममध्ये ‘इफ’ लावा: शिल्लक शून्याखाली गेली, तर ‘पीक बदला’. कंडिशनल फॉरमॅटिंगनं तो सेल लाल करा. आता एक साधा कॉलम चार्ट काढा. रंग कुठलाही चालेल!

सरासरीचा चकवा

एक सावधगिरी. समजा, पाच वर्षांचा पाऊस 600, 550, 500, 200 आणि 150 आहे. सरासरी 400, एकदम झकास! पण 150 च्या वर्षी सरासरी पिऊन तहान भागत नाही. म्हणून ‘ॲव्हरेज’च्या शेजारी ‘मिन’ही ठेवा.

आणि फॉर्म्युल्यानं सगळ्या ओळी घेतल्यात ना, तेही बघा. कार्मेन राइनहार्ट आणि केनेथ रोगॉफ या हार्वर्डच्या अर्थतज्ज्ञांनी 2010 मध्ये देशांवरच्या कर्जाविषयी गाजलेला निबंध लिहिला. 2013 मध्ये थॉमस हर्नडन या विद्यार्थ्याला त्यांची एक्सेल शीट बघताना दिसलं, की एका सरासरीतून पाच देश सुटलेत. तोवर जगभरातल्या नेत्यांनी काटकसरीसाठी त्या निबंधाचा दाखला देऊन झाला होता!

माझी शीट

मी फ्रीलान्सर. माझी कमाई म्हणजे नगरचा पाऊस, एखाद्या महिन्यात धो-धो, मग तीन महिने आकाशाकडे डोळे. मी आधी सरासरी काढून खर्च करायचे आणि चौथ्या महिन्यात भाडं द्यायला बाबांना फोन लावायचे. आता पहिली ओळ भाड्याची, दुसरी किराण्याची. पुढच्या कोरड्या महिन्यांचं बाजूला काढते आणि मगच नवा फोन, गोव्याची ट्रिप वगैरे. यंदा गोव्याचा सेल लाल झालाय.

चडफडले, पण गेले नाही. आमच्या घरची ग्रामसभा एकटीचीच, पण ठराव मंजूर आहे!