काचटाकीतील आफ्रिकी सिक्लिड मासे

पूर्व आफ्रिकेतील मलावी सरोवराच्या खडकाळ काठाशी राहणारे निळे-पिवळे सिक्लिड मासे आता आपल्याकडेही हौसेने पाळले जातात. त्यांचे संगोपन करू इच्छिणाऱ्यांनी प्रथम त्यांच्या मूळ पाण्याचा गुण जाणून घ्यावा.

हे पाणी जड व अल्कधर्मी असते. म्हणून टाकीतील पाण्याचा सामू ७.८ ते ८.६ व तापमान २४ ते २८ अंश सेल्सिअस राखावे. विहिरीचे पाणी वापरण्यापूर्वी तपासून घ्यावे.

नव्या टाकीत मासे लगेच सोडू नयेत. माशांच्या उत्सर्गातील विषारी अमोनियाचे नायट्रेटमध्ये रूपांतर करणारे जिवाणू गाळणीत स्थिरावण्यास सुमारे चार ते सहा आठवडे लागतात. तोवर गाळणी चालू ठेवून पाण्यात चिमूटभर खाद्य टाकीत जावे. पुढे दर आठवड्यास चतुर्थांश पाणी बदलावे.

नर भांडखोर असल्याने दगड रचून कपारी कराव्यात. मादी अंडी व पिले सुमारे तीन आठवडे तोंडात सांभाळते. त्या काळात ती बहुधा खात नाही. हा रोग समजू नये.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, जादा झालेले मासे तळ्यात, विहिरीत वा ओढ्यात कदापि सोडू नयेत. याच कुळातील तिलापिया १९५२ साली भारतात आणला गेला. तो बेसुमार वाढला आणि अनेक तलावांत कटला-रोहूचे उत्पन्न घटले. जादा मासे दुसऱ्या पाळणाऱ्यास द्यावेत. ही गोष्ट ग्रामसेवकांनी गावोगावी समजावून सांगावी.