लाल रंगाला पाणी भोवते तेव्हा
कच्छच्या अजरख छपाईत लाकडी ठशाने उमटतो तो नेहमीच अंतिम रंग नसतो. कापड आधी हिरड्याच्या पाण्यात बुडवून वाळवतात. हिरड्यातील टॅनिन धाग्यात मुरते. मग ठशांनी लेप छापतात. भंगार लोखंड गुळाच्या पाण्यात आंबवून केलेला लेप टॅनिनशी मिळून काळा होतो. तुरटीचा लेप मात्र फिकाच राहतो. मंजिष्ठेच्या मुळांसह कापड उकळले, की तेवढ्याच जागी लाल रंग खुलतो. तुरटीतील ॲल्युमिनियम धागा आणि रंग यांना जोडून ठेवते, म्हणून तो धुण्याने सहज जात नाही.

याच रसायनशास्त्राचा फटका धमडका गावाला बसला. २६ जानेवारी २००१च्या भूकंपानंतर तेथील पाण्यात लोहाचे प्रमाण वाढले. काळ्या रंगाला हवे असणारे लोह लाल रंगाच्या मुळावर उठले. पाण्यातूनच ते साऱ्या कापडावर बसू लागले, की लाल काळवंडतो. पाणीही कमी पडू लागले होते. अखेर अनेक खत्री कारागिरांनी भुजजवळ नवे गाव वसवले. त्याचे नाव अजरखपूर.

कापड नैसर्गिक रंगाचे म्हणजे त्याला पाणी कमी लागते, असे मात्र नाही. अनेक टप्प्यांवर ते धुवावे लागते. त्यामुळे अजरखचे भवितव्य हिरडा-मंजिष्ठेइतकेच स्वच्छ, पुरेशा भूजलावर अवलंबून आहे.