आघात-तरंग : खडा फुटतो, पण ताठरता परत येते का?

पोतराजाच्या आसुडाचा कडाड आवाज आपण सर्वांनी ऐकलेला आहे. आसूड कशावर तरी आपटल्यामुळे तो आवाज होतो अशी सर्वसाधारण समजूत असते. पण आसूड नुसता हवेत फटकारला तरी तसाच आवाज निघतो. मुठीकडून शेंड्याकडे आसूड निमुळता होत जातो आणि त्याबरोबर त्यातील लाटेचा वेग वाढत जातो. अखेरीस शेंडा क्षणभर ध्वनीपेक्षाही, म्हणजे सेकंदाला सुमारे ३४० मीटरपेक्षाही, अधिक वेगाने जातो. समोरच्या हवेला बाजूला सरायला अवसरच मिळत नाही. ती एकदम दाबली जाते आणि दाबाची एक उभी भिंत पुढे सरकू लागते. हाच आघात-तरंग. साध्या ध्वनितरंगात दाब हळूहळू चढतो व उतरतो. आघात-तरंगात तो सेकंदाच्या काही अब्जांश भागात शिखराला पोहोचतो आणि लगेच मूळ पातळीच्याही खाली घसरतो. वर्गात फळ्यावर दोन्हींचे आलेख शेजारी शेजारी काढून दाखवले, तर फरक चटकन लक्षात येतो.

या तरंगाचा वैद्यकात प्रवेश झाला तो विमानांच्या मार्गाने. पश्चिम जर्मनीतील डॉर्निए ही विमाने बनवणारी कंपनी, अतिवेगवान विमानावर पावसाचे थेंब आदळल्याने त्याच्या पत्र्याला इजा का होते, याचा अभ्यास करीत होती. असे तरंग बाहेरून शरीरात सोडून मूतखडा फोडता येईल का, असा प्रश्न त्यातून निघाला. ७ फेब्रुवारी १९८० रोजी म्युनिकमध्ये ख्रिश्चन चाउसी व त्यांच्या सहकाऱ्यांनी पहिल्या रुग्णावर हा प्रयोग केला. रुग्णाला पाण्याने भरलेल्या टबात ठेवले होते. पाणी आणि आपले मांस यांचे ध्वनिगुणधर्म जवळजवळ सारखे असल्याने तरंग त्यांतून विनासायास पुढे जातो. खड्याशी मात्र माध्यम एकदम बदलते. तरंगाचा काही भाग खड्यात शिरतो, मागच्या पृष्ठभागावरून उलटतो आणि उलटताना दाबाऐवजी ताण निर्माण करतो. शिक्षकांच्या हातातला खडू याची साक्ष देईल. तो दोन्ही टोकांनी दाबून मोडत नाही; वाकवला, म्हणजे त्याच्या एका बाजूला ताण दिला, की तत्काळ तुटतो. मूतखड्याचेही तसेच असते. शिवाय दाब घसरतो तेव्हा द्रवात बारीक बुडबुडे तयार होतात आणि ते कोसळताना खड्यावर सूक्ष्म हातोडे मारतात.

इथवरची गोष्ट पक्की आहे. खडा फुटला की नाही हे क्ष-किरण चित्रात दिसते, त्यात वादाला जागा नाही.

पुढे अस्थिरोगतज्ज्ञांनी हेच तरंग न जुळणाऱ्या हाडांवर आणि टाचेच्या जुनाट दुखण्यावर वापरून पाहिले. २००४ साली जपानी संशोधकांनी रक्तपुरवठा कमी झालेल्या डुकरांच्या हृदयावर सौम्य तरंग सोडले, तेव्हा तेथील रक्तप्रवाह सुधारलेला आढळला. पेशींना किंचित धक्का बसला की त्या नव्या केशवाहिन्या उगवण्यास चालना देणारी द्रव्ये सोडतात, अशी यामागची कल्पना आहे. मग रक्ताभिसरणावर सर्वस्वी अवलंबून असलेल्या आणखी एका अवयवाकडे लक्ष गेले. पुरुषाच्या लिंगाला ताठरता न येणे किंवा ती न टिकणे, म्हणजे लिंगशैथिल्य, यावर हा उपचार चालेल का?

विषय वर्गात काढण्यासारखा नाही, असे काही वाचकांना वाटेल. र. धों. कर्वे यांच्या ‘समाजस्वास्थ्य’ मासिकावर १९३४ साली खटला झाला, तोही वाचकांच्या लैंगिक शंकांना उत्तरे दिल्याबद्दल. त्यांची बाजू डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मांडली होती. शंका आजही त्याच आहेत. उत्तरे मात्र आता जाहिरातदार देतात, आणि मोठ्या शहरांतील दवाखान्यांची ‘शॉकवेव्ह’ची जाहिरात आर्णीतल्या माणसाच्या मोबाईलवरही येऊन पोहोचते.

ताठरता ही मुळात रक्तवाहिन्यांची क्रिया आहे. मेंदूकडून संदेश आला की लिंगातील चेतातंतू आणि रक्तवाहिन्यांचे अस्तर नायट्रिक ऑक्साइड हा वायू सोडतात. त्याने स्नायू सैल पडतात, धमन्या रुंदावतात, स्पंजासारख्या ऊतीत रक्त भरते आणि बाहेर नेणाऱ्या शिरा दाबल्या जातात. १९९८ साली बाजारात आलेली सिल्डेनाफिलची गोळी या वायूचा परिणाम टिकवून धरते. बिघडलेली धमनी ती दुरुस्त करीत नाही. आघात-तरंगांचे आकर्षण इथेच आहे. त्यांचा दावा दुरुस्तीचा आहे.

२०१० साली इस्राएलमधील हैफा येथे योराम वार्दी व सहकाऱ्यांनी २० पुरुषांवर पहिला प्रयोग प्रसिद्ध केला. प्रत्येक बैठकीत १५०० सौम्य आघात, अशा १२ बैठका. आघाताची तीव्रता खडा फोडण्याच्या सुमारे एक दशांश. ३० गुणांच्या प्रश्नावलीवर सरासरी १३.५ वरून २०.९ वर गेली. आकडा मोठा दिसतो. पण तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. २०१२ मध्ये त्याच गटाने ६७ पुरुषांवर प्रयोग केला. या वेळी काहींना दिसायला आणि आवाजाला हुबेहूब, पण ऊर्जा न सोडणारे उपकरण लावले. खऱ्या उपचाराने ६.७ गुण वाढले. खोट्या उपचाराने ३.० गुण वाढले! विद्यार्थ्यांना ‘नियंत्रण गट’ का हवा हे समजावण्यासाठी याहून चांगले उदाहरण मला ठाऊक नाही. शरमेने गप्प बसलेल्या माणसाचे कोणीतरी गंभीरपणे ऐकून घेतले, एवढ्यानेही काही गुण पडतात. पुढे २०१७ साली डेन्मार्कमध्ये १२६ पुरुषांवर वेगळ्या बनावटीच्या यंत्राने चाचणी झाली, तीत खऱ्या आणि खोट्या उपचारांत फरक आढळला नाही. अमेरिकेतील मूत्रविकारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१८ साली हा उपचार प्रायोगिक ठरवला. युरोपातील संघटनेने सौम्य, रक्तवाहिन्यांच्या दोषामुळे आलेल्या शैथिल्यासाठी त्याची शिफारस केली आहे, आणि तीही कमकुवत दर्जाची. माझ्या मते हे दोन्ही निष्कर्ष पुराव्याला धरून आहेत.

यात आणखी एक गफलत आहे. ‘शॉकवेव्ह’ या नावाने विकली जाणारी अनेक यंत्रे आघात-तरंग निर्माणच करीत नाहीत. त्यांत दाबलेल्या हवेने एक लहानसा दट्ट्या नळीच्या टोकावर आपटतो. त्यातून निघणारा दाब हजारपट सावकाश चढतो, एका बिंदूवर एकवटत नाही, कातडीलगत सर्वांत जास्त असतो आणि आत जाता जाता विरतो. हा तरंग टाचेच्या दुखण्यावर वापरतात. पण वर सांगितलेले हैफाचे प्रयोग त्यावर झालेले नाहीत, त्यामुळे त्यांचे निष्कर्ष दाखवून असे यंत्र विकणे म्हणजे दुसऱ्याची गुणपत्रिका दाखवण्यासारखे आहे.

पैसे जातील हे नुकसान त्या मानाने लहान. मोठे नुकसान कोणते, ते एका हिशेबाने पाहू. लिंगाच्या धमनीचा व्यास १ ते २ मिलिमीटर असतो, हृदयाच्या धमनीचा ३ ते ४. दोन्हींच्या आत सर्व बाजूंनी पाव मिलिमीटर जाडीचा चरबीचा थर बसला असे समजा. दीड मिलिमीटरची वाट १ मिलिमीटर उरेल, साडेतीनची ३ उरेल. नळीतला प्रवाह व्यासाच्या चतुर्थ घाताच्या प्रमाणात असतो. म्हणून पहिलीत प्रवाह एक पंचमांशावर येतो, दुसरीत निम्म्याहून थोडा अधिक राहतो. रक्तवाहिनी ही काही लोखंडी नळी नव्हे, तेव्हा हा हिशेब ढोबळच. पण आधी कोण कुरकुर करणार हे त्यावरून दिसते. हृदयविकाराची लक्षणे दिसण्याआधी साधारण दोन ते पाच वर्षे लिंगशैथिल्य जाणवू शकते, असे डॉक्टर सांगतात ते यामुळेच. मधुमेहातही ते लवकर येते.

आता आर्णीतला पंचेचाळिशीचा, तंबाखू खाणारा एखादा गृहस्थ डोळ्यांपुढे आणा. त्याने कर्ज काढून शहरात १२ बैठका घेतल्या आणि त्याची रक्तशर्करा व रक्तदाब कोणी मोजलेच नाहीत, तर शरीराने दिलेली आगाऊ सूचना फुकट गेली. या दोन तपासण्या सरकारी दवाखान्यात होतात. पुढील तपासणीसाठी यवतमाळला श्री वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. तरुणाला पहाटे ताठरता येत असेल, तर बहुधा धमन्या ठीक असून कारण चिंतेत असते, हेही तिथले डॉक्टर सांगू शकतील. दुकानातून परस्पर गोळी आणणाऱ्याने तर एक गोष्ट जपलीच पाहिजे. छातीतल्या कळेसाठी जिभेखाली ठेवायची नायट्रेटची गोळी घेणाऱ्याने सिल्डेनाफिल घेतले, तर रक्तदाब जीव जाण्याइतका कोसळू शकतो.

भिंतींवर ‘हमखास इलाज’ रंगवणाऱ्यांसाठी कायदाही आहे. औषधे व जादूचे उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियम, १९५४ नुसार लैंगिक शक्ती वाढवण्याच्या औषधांची जाहिरात करण्यास मनाई असून पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतात.