घरच्या मोटरीला टायमर लावताय? सोबत कॉन्टॅक्टर घ्या


मोटर चालू करून गोठ्यात गेलं की टाकी वाहते, नाहीतर हौद संपून मोटर कोरडी चालते. टायमर हा सोपा उपाय. पण बरेच जण मोटरीची वायर थेट टायमरमधूनच नेतात, तिथंच चुकतं. १ एचपी मोटर चालताना साधारण ५-७ अँपिअर घेते, सुरू होताना मात्र त्याच्या कितीतरी पट ओढते. टायमरवरचा १६ अँपिअरचा आकडा बहुतेक वेळा हीटरसारख्या लोडचा असतो. आतले पॉइंट चिकटले की वेळ संपली तरी मोटर बंद होत नाही, आणि आपण निवांत शेतात!

म्हणून टायमरने फक्त कॉन्टॅक्टरची कॉइल (२३० व्होल्ट) चालवायची, मोटरीचा लोड कॉन्टॅक्टरवर. दुकानात एसी-३, म्हणजे मोटरीसाठीचा कॉन्टॅक्टर मागा.

टायमर बॅटरी बॅकअपचाच घ्या. साधा चकतीवाला लाईट गेली की थांबतो, मग पहाटे ५ चं पाणी ८ ला सुरू!

टाकी किती मिनिटांत भरते ते आधी मोजा. बोअर असेल तर उन्हाळ्यात परत मोजा. जोडणी वायरमनकडूनच, मेन स्विच बंद करून. अर्थिंग तपासून घ्या.