मुद्रितशोधकच सदोष निघाला तर?

जनुकातली चूक पुढच्या पिढ्यांत उतरते. प्रथिनातली चूक त्या प्रथिनाबरोबर संपते. जीवशास्त्रातली ही समजूत बरीचशी खरी आहे, पण पुरती नाही. आपल्या आतड्यात राहणाऱ्या ई. कोलाय या जीवाणूने तिला छेद दिला.

आधी प्रमाण पाहू. डीएनएची नक्कल होऊन सगळ्या दुरुस्त्या झाल्या की सुमारे शंभर कोटी अक्षरांत एखादेच चुकलेले उरते. प्रथिन जुळवताना मात्र दर हजार ते दहा हजार अमिनो आम्लांमागे एक चुकीचे बसते. पेशीला हे परवडते. एकेका प्रथिनाच्या प्रती अनेक असतात.

पण डीएनएची नक्कल उतरवणारी आणि तपासणारी यंत्रणाही प्रथिनांचीच! म्हणजे मुद्रितशोधकही त्याच ढिसाळ छापखान्यातून बाहेर पडलेला.

ई. कोलायच्या ‘म्यूट-ए’ नावाच्या वाणात उत्परिवर्तने नेहमीपेक्षा जास्त होत. १९९६ मध्ये कारण सापडले, ते अनपेक्षित होते. नक्कल करणाऱ्या प्रथिनांची जनुके शाबूत होती. बिघाड होता ग्लायसीन हे अमिनो आम्ल वाहून आणणाऱ्या एका आरएनएत. त्याचे एक अक्षर बदलल्याने तो अधूनमधून अ‍ॅस्पार्टिक आम्लाच्या जागी ग्लायसीन बसवी. डीएनएतली चुकीची अक्षरे खुडून काढणाऱ्या प्रथिनाचे काम मोक्याच्या जागी असलेल्या अ‍ॅस्पार्टिक आम्लांवर चालते. तिथे ग्लायसीन आले की तपासणी लंगडी पडणार, असा तर्क मांडला गेला. पुढे २००२ मध्ये अशा पेशींतून वेगळे काढलेले नक्कल करणारे एन्झाइम खरोखरच जास्त चुका करताना आढळले.

याचा औषधांशी थेट संबंध आहे. क्षयावरचे पहिले प्रभावी प्रतिजैविक स्ट्रेप्टोमायसिन. ते जीवाणूच्या रायबोसोमला संदेश चुकीचा वाचायला लावते. १९९९ मध्ये दिसून आले की, या औषधाच्या संपर्कात आलेल्या ई. कोलायमध्ये उत्परिवर्तनांचे प्रमाणही वाढते.

बहुतेक उत्परिवर्तने निरुपयोगी किंवा घातकच असतात. पण कोट्यवधी जीवाणूंत औषधाला दाद न देणारा एक निपजला, तरी पुरतो. ज्या प्रथिनाने ती चूक घडवली ते केव्हाच नष्ट झालेले असते. जनुकात उमटलेली चूक मात्र वारशाने पुढे जाते.