दहा जणींची एक गोष्ट

संध्याकाळी भाकरी थापता थापता मालिका बघणाऱ्या आपल्यात पुष्कळ आहेत. 'ती सून आता बोलणार की गप्प बसणार?' यावर दुसऱ्या दिवशी नळावर चर्चा रंगते. पण त्या सुनेनं काय बोलायचं हे ठरवतं कोण? आपल्याला वाटतं, कुणी एक लेखक एकटा बसून सगळं लिहीत असेल. पण भागामागून भाग द्यायचे तर एकाचं डोकं पुरत नाही. म्हणून पुष्कळ मालिका चार-सहा जण मिळून लिहितात. आज या मिळून लिहिण्याबद्दल बोलूया. त्यासाठी उदाहरण घेऊ शिकणाऱ्या मुलामुलींचं. ती मुलं पोटासाठी लिहीत नाहीत, त्यामुळे त्यातला आनंद निखळ दिसतो.

अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स नावाचं राज्य आहे. त्याचं टोपणनाव 'बे स्टेट'. तिथल्या बोस्टन विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांनी १९९१ साली याच नावाची एक दूरदर्शन मालिका सुरू केली. लिहिणारे विद्यार्थी, कॅमेरा धरणारे विद्यार्थी, चित्रण कापून जोडणारेही विद्यार्थीच. आता यात एक अडचण बघा. तिथे पदवीचं शिक्षण चार वर्षांचं. ते संपलं की लिहिणारा निघून जातो. तरीही ही मालिका एका तुकडीकडून दुसरीकडे जात वर्षानुवर्षं चालली. आपल्या बचत गटासारखंच की! अध्यक्ष बदलते, सचिव बदलते, गट चालू राहतो.

गट कशावर चालतो? इतिवृत्ताच्या वहीवर. मालिकेचीही अशी वही असते. कोणतं पात्र कुठलं, त्याचं वय काय, कुणाशी नातं, कुणाशी अबोला, मागच्या भागात काय झालं, हे सगळं तिच्यात लिहिलेलं असतं. नाहीतर पहिल्या भागात वारलेला मामा दहाव्या भागात लग्नाला हजर!

लिहिण्याची रीतही ठरलेली असते. आधी सगळे मिळून मोठी वाट ठरवतात: गोष्ट कुठून निघणार, कुठे पोचणार. मग तिचे भाग पाडतात. एका भागात काय काय घडेल ते कागदाच्या तुकड्यांवर लिहून भिंतीवर लावतात. एक तुकडा म्हणजे एक प्रसंग. तुकडे मागेपुढे करून बघतात. क्रम जमला की एक-दोघं घरी जाऊन संवाद लिहितात. शेवटी सगळे बसून ते मोठ्यानं वाचतात. डोळ्यांना बरं वाटलेलं वाक्य जिभेवर अडखळलं, तर ते बदलतात.

हे ऐकताना साधं वाटतं, पण यातली खरी गंमत बैठकीत कळते. आपण एक करून बघू. समजा, आपल्या गावच्या दहा मुली अशी गोष्ट लिहायला बसल्या. नायिका शालू, दहावी पास. कॉलेज तालुक्याला आणि घरचे पाठवत नाहीत.

एक मुलगी म्हणाली, "बाप दुष्ट दाखवू."

दुसरी म्हणाली, "दुष्ट कशाला? परतीची एसटी अंधारात येते. फाट्यापासून घर दोन किलोमीटर. तो घाबरतोय."

तिसरी म्हणाली, "मग भावाला गाडी घ्यायला पैसे कुठून आले?"

सगळ्या हसल्या. मग शालू काय करेल यावर वाद सुरू झाला. रडेल, उपाशी राहील, पळून जाईल. तेवढ्यात इतका वेळ गप्प बसलेली एक जण म्हणाली, "ती रडणार नाही. त्याच एसटीनं येणाऱ्या अजून तिघींची नावं काढेल, आणि चौघींच्या आयांना घेऊन बापापुढे उभी राहील."

झाला की नाही भाग तयार? आता सांगा, ही गोष्ट कुणाची? एकीला फक्त राग सुचला होता, दुसरीला भीती दिसली, तिसरीला अन्याय टोचला, चौथीला वाट सापडली. यातली कुणीही एकटी बसली असती तर एवढं लिहू शकली नसती. आपण टाकलेला एक दाणा कणीस होऊन परत येतो, हाच मिळून लिहिण्याचा आनंद.

हे आपल्याला नवं नाही. जात्यावर दोघी बसायच्या. एक ओवी सुरू करायची, दुसरी उचलायची, तिसरी शेजारीण त्यात आपल्या भावाचं नाव गुंफायची. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइत्व्हाँ यांनी सहकाऱ्यांसोबत गावोगाव फिरून अशा एक लाखाहून जास्त ओव्या जमवल्या. त्यातली ओवी पहिल्यांदा कुणी रचली हे कोण सांगणार? ती सगळ्या बायांची आहे.

अर्थात, मिळून काम म्हटलं की रुसवेफुगवे आलेच. आपलं आवडतं वाक्य कापलं गेलं की जिवाला लागतं. त्यासाठी तीन गोष्टी आधीच ठरवून घ्याव्यात. पहिली, दुरुस्ती वाक्याची करायची, माणसाची नाही. 'तुला कळत नाही' असं म्हणायचं नाही, 'शालू असं बोलेल का?' असं विचारायचं. दुसरी, गोलात प्रत्येकीला पाळीनं बोलू द्यायचं, नाहीतर मोठ्या आवाजाचीच गोष्ट होते. तिसरी सगळ्यांत महत्त्वाची. गावातल्या कुणाच्या घरातली खरी गोष्ट जशीच्या तशी घ्यायची नाही. नाव बदललं तरी गाव ओळखतंच, आणि त्रास त्या घरातल्या बाईला होतो. चार घरांतलं थोडं थोडं घ्यावं आणि नवं घर उभं करावं.

दूरदर्शनसाठी कॅमेरा, दिवे, माणसं लागतात. रेडिओला आवाज पुरतो. २००६ च्या धोरणानंतर आपल्या देशात स्वयंसेवी संस्थांनाही समुदाय रेडिओ चालवता येऊ लागला. साताऱ्यातल्या म्हसवडला माणदेशी तरंग हे असंच केंद्र आहे. दरवाजाची कडी, एसटीचा हॉर्न, बांगड्यांची किणकिण एवढ्यावर अख्खं घर उभं राहतं. आणि मोबाइलवर आवाज भरता येतोच.

म्हणून सुचवते. हप्ता गोळा झाला की पुढच्या बैठकीत अर्धा तास ठेवा. शाळेत जाणाऱ्या आणि शाळा सुटलेल्या, दोन्ही मुलींना बोलवा. एक वही घ्या, एक पात्र ठरवा आणि विचारा, "आता ही काय करेल?" 'मला शिकायचंय' हे जी मुलगी घरात स्वतःच्या तोंडानं म्हणू शकत नाही, ती शालूच्या तोंडून म्हणेल. आणि ते ऐकायला तिची आई तिथेच बसलेली असेल.